‘तुझा नीटचा स्कोअर किती?’

‘राखीव जागेतून प्रवेश मिळालाय, वर्गात मान वर करायची लाज वाटते.’ हे सांगणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांतल्या एकीची गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

एमबीबीएसचं पहिलं वर्ष. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात विचारणा झाली, ‘नीटचा स्कोअर किती?’ हिनं घाबरून वाढवून सांगितला. मग कुणीतरी कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीची, यादी उघडली, तिच्या नावापुढच्या ‘एससी’भोवती लाल गोल काढला आणि बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून डिसेक्शनला, म्हणजे शवविच्छेदनाच्या तासाला, ती टेबलापासून लांब, मागे उभी राहायची. उत्तर येत असलं तरी गप्प.

‘मॅडम, मी कुणाची जागा खाल्ली का?’

लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. नुसत्या ‘नाही’नं हे मनातून जात नाही. बारावीची दोन वर्षं कशी गेली ते विचारलं. एकच खोली, टीव्ही बंद झाला की साडेदहानंतर अभ्यास. क्लास नाही. व्हिडिओ बघायला चुलतभावाचा फोन, तोही रात्रीच मिळायचा. यादी टाकणारा मुलगा लातूरला खोली घेऊन दोन वर्षं क्लास करून आलेला. जानेवारी २०२२ मध्ये, नीटमधल्या ओबीसी आरक्षणाच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं हेच मांडलं: परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, त्यांमागचं सामाजिक-आर्थिक पाठबळ गुणांत दिसत नाही.

राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा कायद्यानं ठरलेल्या आहेत. तिनं कुणाच्या ताटातलं ओढलं नाही. आणि विद्यापीठाच्या परीक्षेत पास व्हायचे निकष सगळ्यांना एकच. खासगी कॉलेजांत भरमसाट फी भरून एनआरआय कोट्यातून आलेल्यांना असा स्कोअर विचारलेला मी तरी ऐकला नाही.

खुल्या गटातली, थोडक्यात प्रवेश हुकलेली मुलंही माझ्यासमोर रडतात. त्यांचं दुःख खरं आहे. पण जागा कमी आहेत याचा जाब एकट्या मुलीला विचारायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

जातीवरून असा त्रास देणं हे रॅगिंगच. स्क्रीनशॉट तिच्याकडे होता. तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो, तर पहिली ओळ तिनं लिहिली, ‘त्रास देत आहे, क्षमस्व.’ मी फक्त बोट ठेवलं. बराच वेळ बघत राहिली, मग स्वतःच खोडली.

ती पोस्ट काढली गेली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, ‘कुणी विचारलं तर स्कोअर खरा सांगते आता.’ डिसेक्शनला मात्र अजून मागेच उभी राहते. त्यावर आमचं काम चालू आहे.