लिम्फोमासाठी नव्या ट्रेसरच्या चाचणीत भावाला सहभागी होऊ द्यावं का?

ताई, भावाला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, त्याचा एफडीजी पेट-सीटी स्कॅन झालाय, आता डॉक्टर नव्या ट्रेसरच्या (स्कॅनआधी टोचायच्या किरणोत्सारी पदार्थाच्या) अभ्यासाबद्दल विचारताहेत आणि ‘प्रयोग’ म्हटल्यावर आई घाबरलीय, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात पेट-सीटी विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे.

आधी लिम्फोमा कोणता, ते विचारा. हॉजकिन किंवा डिफ्यूज लार्ज बी-सेल असेल तर एफडीजी छान काम करतं; नव्या स्कॅनने भावाच्या उपचारात फार फरक पडेल असं मला वाटत नाही. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरीन लावलेली साखरच. घोळ असा, की साखर खाणारं सगळंच चमकतं. मेंदू तर कायम चमकतो, तिथली गाठ त्यात झाकली जाते. आणि आपल्याकडचा टीबी! छातीतली चमकणारी गाठ कॅन्सरची की टीबीची, हे बायोप्सीशिवाय ठामपणे सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. उलट माल्टसारखे (जठर वगैरेंच्या अस्तरात होणारे) संथ लिम्फोमा साखर कमी घेतात, कधी दिसतच नाहीत.

म्हणून पेंटिक्साफॉरसारखे ट्रेसर तपासले जातात. पेंटिक्साफॉर पेशीवरच्या सीएक्ससीआर४ नावाच्या प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं. निरोगी मेंदूत फारसं जात नाही, माल्टमध्ये चांगलं दिसतं. पण सुजेच्या जागीही जमतं, म्हणजे टीबीचा प्रश्न काही सुटत नाही. त्यावरचं किरणोत्सारी गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, एफडीजीतल्या फ्लोरीन-१८ ला ११० मिनिटं लागतात. गोंदियाहून येणार असाल तर आदल्या रात्रीच या. गाडी लेट झाली तरी डोस थांबत नाही.

ट्रेसरचं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असतं, औषधासारखा परिणाम व्हावा इतकं नसतं. काळजी करायची ती जादा किरणोत्साराची. नुसत्या एफडीजीचा १० मिलिक्युरीचा डोस साधारण ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) देतो, सीटीचा वेगळा. दुसऱ्या स्कॅनसोबत सीटी पुन्हा पूर्ण करणार की कमी डोसचा, हे विचाराच.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन आईलाही वाचून दाखवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक त्यात शोधा. तो क्रमांक ऑनलाइन कुणालाही तपासता येतो. खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. भावाला मधेच बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार अडायला नकोत. आणि या स्कॅनपायी केमोची तारीख पुढे ढकलत असतील, तर मी सरळ नाही म्हणेन.