गावी नाव आहे ना, मग इथे कशाला?

जनगणनेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेते. शाळेत शिकवत असताना १९९१ ला मी प्रगणक म्हणून दारोदार फिरले, २००१ आणि २०११ ला पर्यवेक्षक होते. कोणाला कुठे मोजायचं याचे खाली सांगितलेले नियम २०११ च्या सूचनांमधले आहेत. यंदाचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधला. माणसं मोजायची ती फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि हिशोबाचा क्षण २८ फेब्रुवारीची मध्यरात्र.

प्रश्न : मी लातूरकडची. दोन वर्षांपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. गावी आईबाबा माझं नाव सांगणारच आहेत. इथल्या काकू म्हणतात, तुम्ही मुली आज आहात, उद्या नाही, तुमची नावं कशाला? मी नक्की कुठे मोजली जाणार?

उत्तर : सदाशिव पेठेत. तू कुठली आहेस यापेक्षा तू कुठे राहतेस, हे जनगणना बघते. रेशनकार्डावरचा पत्ता, आधार, मतदारयादी यांचा इथे काही संबंध नाही. फेब्रुवारीत दहा दिवस गावी जाऊन आलीस तरी तू इथलीच. पूर्ण काळ गावी असलीस, तर मात्र तिथे.

काकूंचं म्हणणं मी तीनही गणनांत ऐकलंय. खोलीत सहा कॉट, दाराबाहेर सहा जोड चपला, आणि मालक सांगणार, ‘इथे फक्त आम्ही दोघं.’ प्रगणक तेवढंच लिहून पुढे जातो. तिकडे गावातला प्रगणक शहाणा असला तर विचारतो, मुलगी इथे असते का? आई खरं सांगते, पुण्याला असते. तो नाव लिहीत नाही. झालं, तू दोन्हीकडून गळलीस. दोन्हीकडे नाव लागलं तर तेही चूकच, पण शहरात गळण्याचा धोका मोठा. २०११ च्या गणनेनंतर पडताळणी झाली तेव्हा हजारी २३ माणसं सुटल्याचं दिसलं, आणि शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त होतं. १२१ कोटींच्या देशात हजारी २३ म्हणजे अडीच कोटींच्या वर माणसं.

पुणे महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत प्रभाग पाडले गेले ते २०११ च्या लोकसंख्येवर, कारण २०२१ ची गणना कोविडमुळे लांबली ती लांबलीच. म्हणजे एकदा सुटलेला माणूस पंधरा वर्षं सुटलेलाच राहतो. त्याला लागणारं पाणी, ड्रेनेज, बस, दवाखाना, सगळं त्याला वगळून मोजलं जातं. तेव्हा बाळा, आज घरी फोन कर, आईला सांग की माझं नाव पुण्यात लागणार आहे. आणि खोलीतल्या सहाही जणींची माहिती एका कागदावर लिहून काकूंकडे ठेव. दुपारी तुम्ही अभ्यासिकेत असाल, प्रगणक नेमका तेव्हाच येतो.

प्रश्न : कोथरूडला आम्ही दोघंच राहतो. मुलगा-सून अमेरिकेत, पासपोर्ट भारतीय. त्यांची नावं द्यायची ना?

उत्तर : नाही. गणनेच्या काळात ते देशाबाहेर असतील तर ते मोजले जात नाहीत, पासपोर्ट कुठलाही असो. उलट तुमच्या शेजारी भाड्याने राहणारा परदेशी विद्यार्थी मात्र मोजला जाईल. मुलाची खोली रिकामी आहे हे सांगताना जीव तुटतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. तरी तुमच्या कुटुंबाची संख्या दोनच.

प्रश्न : बारामती तालुक्यात आमची शेती आहे. फेब्रुवारीत रानात ऊसतोडीची टोळी असते, बहुतेक बीडकडची. त्यांची नोंद त्यांच्या गावीच होत असेल ना?

उत्तर : हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं. शेतकऱ्याकडून तो पहिल्यांदाच आला.

त्यांची नोंद तुमच्या रानात व्हायला हवी. नेहमीच्या घरापासून गणनेचा पूर्ण काळ लांब असलेल्या माणसाला तो सापडेल तिथे मोजायचं, असा नियम आहे. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे फेब्रुवारी ऐन तोडीतला. गावाकडे म्हातारे आईवडील आणि शाळेची पोरं. तिथला प्रगणक म्हणतो, ते कारखान्याला गेलेत. इकडचा प्रगणक सकाळी अकराला बांधावर येतो तर कोप्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या, ओस. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती पहाटे अंधारातच फडात गेलेली असते. कोपीपाशी झोळीत एक तान्हं आणि त्याला झोका देणारी सात वर्षांची बहीण. ती काय सांगणार?

२००१ ला मी पर्यवेक्षक असताना एका गटाच्या नोंदीत अशा अकरा कोप्यांसाठी एकच ओळ दिसली, ‘मुकादम व इतर’. मुकादम म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार. आम्ही संध्याकाळी पुन्हा गेलो. चुली पेटल्या होत्या. चुली मोजल्या तर तेरा. जनगणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. तेरा चुली, तेरा कुटुंबं, त्यांत माणसं साठावर. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना मुकादमाच्या वहीत त्यातल्या प्रत्येकाचं नाव होतं, आणि देशाच्या वहीत एकाचंही नव्हतं.

नाव लागलं की पुढचे रकानेही भरले जातात : जन्म कुठला, आधी कुठे राहत होता, इथे का आला. बीडहून किती माणसं कोणत्या तालुक्यात कामाला जातात, हे देशाला त्या रकान्यांतून कळतं. तोडणीवाल्यांच्या मुलांची साखरशाळा कुठे हवी, अंगणवाडीच्या ताईनं कोणत्या फडाशी जावं, हे त्यावरून ठरवता येतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे, तीही २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेली.

तुम्ही एवढं करा. गावातले प्रगणक कोण हे तलाठ्याकडे किंवा शाळेत विचारा, टोळी कोणत्या गटात उतरलीय ते त्यांना सांगा, आणि दिवेलागणीला सोबत जा. मालक बरोबर असला की माणसं मोकळी बोलतात.

प्रश्न : वडगाव शेरीत माझे दोन फ्लॅट. एकात भाडेकरू आहेत, पण घरपट्टीत स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत चालू आहे. जनगणनेतून महापालिकेला कळेल का?

उत्तर : नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कुटुंबाची नोंद दुसऱ्या कोणाला पाहता येत नाही. कर विभागाला नाही, पोलिसांना नाही. दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. प्रगणक म्हणून गेलेला माणूस महापालिकेचाच कर्मचारी असला तरी त्या कामात त्याच्यावर हाच कायदा लागू. मात्र उत्तर नाकारणं किंवा जाणूनबुजून खोटं सांगणं हा गुन्हा आहे. सवलतीचा प्रश्न तुम्ही महापालिकेकडे जाऊन स्वच्छ करा. त्यासाठी भाडेकरूंचं कुटुंब कागदावरून नाहीसं करू नका.

प्रश्न : मी धायरीत घरून पोळ्या करून देते, रोज दीडशे. मागच्या वेळी यांनी ‘गृहिणी’ सांगितलं. बरोबर आहे का?

उत्तर : चूक आहे. घरच्यांसाठीचा स्वयंपाक जनगणनेच्या व्याख्येत काम धरत नाहीत. मला ती व्याख्याच अपुरी वाटते, पण आहे ती अशी आहे. विकायच्या पोळ्या मात्र कामच. वर्षातले सहा महिने किंवा जास्त करत असाल तर तुम्ही मुख्य काम करणाऱ्यांत.

१९९१ ला भवानी पेठेत एका घरी नवऱ्यानं सांगितलं, ‘ती काही करत नाही.’ त्याच्या मागे ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हात थांबले नव्हते. मी तिलाच विचारलं. दिवसाला आठशे, म्हणाली. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून दारावरच्या पाटीकडे बोट केलं. रूढीमुळे नाव घेता येत नसेल तर बाईवर सक्ती नाही, अशी सूट जनगणना कायद्यातच लिहिलेली आहे. तुम्ही नाव घ्या न घ्या, कामाचं उत्तर मात्र स्वतः पुढे येऊन द्या.

प्रश्न : आम्ही काही मित्र थंडीत पुणे स्टेशन, स्वारगेट परिसरात ब्लँकेट वाटतो. फुटपाथवर झोपणाऱ्यांकडे कागद नसतात. ते मोजले जातात का?

उत्तर : जातात. जनगणनेत कागद दाखवावाच लागत नाही, सांगितलेलं लिहायचं. बेघरांची गणना २०११ ला २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली, म्हणजे जागा बदलणारा माणूस दोनदा लागू नये. देशभरात तेव्हा १७.७ लाख बेघर नोंदले गेले. खरे किती, ते त्या रात्री कंदील-बॅटरी घेऊन किती कोपऱ्यांपर्यंत कोणी पोचलं यावर होतं. तुम्हाला ते कोपरे माहीत आहेत. कोणत्या पुलाखाली किती जण, कुठे बायका-मुलं, कोण रात्री अकरानंतरच परत येतं, अशी यादी जानेवारीतच क्षेत्रीय कार्यालयातल्या जनगणनेच्या अधिकाऱ्याला द्या, आणि त्या रात्री प्रगणकाबरोबर चला. तुमचा चेहरा ओळखीचा असेल तर झोपलेला माणूस दचकत नाही. तान्ही मुलं विसरू नका. मध्यरात्रीआधी जन्मलेलं प्रत्येक मूल मोजायचं. स्टेशनबाहेर २०११ च्या त्या रात्री एका आजीनं गोधडीची घडी उलगडून आठ दिवसांचं पोर दाखवलं होतं. नाव ठेवलं नव्हतं. आम्ही ‘बाळ’ लिहिलं, वय शून्य, आणि आजीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की लिहिलंय.