काय दिसलं तर सोडशील?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ दोनदा बघितला. लाल बाण, मागे ढोल, आणि एक घोगरा आवाज सांगतोय की कोल्हापुरात पूर आला नाही, आणला. खाली तुझा प्रश्न : "काका, यातलं निम्मं तरी खरं असेल ना?" तू सगळंच खरं मानलं असतंस तर मी गप्प बसलो असतो. पण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला पोरगा निम्म्यावर तडजोड करतो, हे काही मला सोसलं नाही.

दावे सुटे कर. प्रत्येकाला एकच विचार : काय दिसलं तर हे खोटं ठरेल?

कोल्हापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे दरवाजे रात्री कुणीतरी मुद्दाम उघडले म्हणे. अरे, ते सातही दरवाजे स्वयंचलित. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं उघडतात, पातळी उतरली की मिटतात. एकातून 1428 क्युसेक, सातही उघडले तर दहा हजारांच्या घरात. रात्री दोनला दरवाजा उघडला, कारण पाणी तेवढं दोनला चढलं. वीजगृहातून किती सोडायचं ते मात्र माणूस ठरवतो आणि त्याची नोंद होते. ती मागव, जाब विचार. तिथं मी तुझ्याबरोबर येतो.

आता दुसरा दावा : कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगीनं, म्हणजे मागं तुंबणाऱ्या पाण्यानं, कोल्हापूर बुडतं. धरण पूर्ण भरलं की पातळी 519.60 मीटर. आपल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी समुद्रसपाटीपासून 543 मीटरच्या आसपास येते. म्हणजे अलमट्टी तेवीसेक मीटर खाली, तिचं पाणी इथवर चढणारच नाही, असं म्हणून लगेच नाचू नकोस. वाहत्या पाण्याला उतार असतो, त्यामुळं फुग कुठवर येते हे मधलं पात्र मोजल्याशिवाय कळत नाही. 2019 च्या पुरात बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर पुराच्या अभ्यासासाठी सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. पटत नसेल तर खुशाल भांड, पण आकड्यांवर भांड. "समिती मॅनेज केली" हे उत्तर नव्हे. समिती नाही म्हणाली तर विकली गेली, हो म्हणाली तर 'बघा, आम्ही सांगत होतो'. मग काय दिसलं तर सोडशील? काहीच नाही ना? जो दावा हरूच शकत नाही, त्याच्या जिंकण्याला काय किंमत?

विचित्र वाटतं म्हणून खोटं, असंही मी म्हणत नाही. धरणात पाणी साठवल्यानं भूकंप होतो, हे कट्ट्यावर बोललास तर लोक हसतील. पण कोयनेला जलाशय भरायला लागल्यावर धक्के वाढले, आणि 11 डिसेंबर 1967 ला मोठा भूकंप झाला. भूकंपमापकं बसवली गेली, पाण्याची चढउतार आणि धक्के शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षं तपासले गेले. संबंध दिसला नसता तर कल्पना टाकून द्यावी लागली असती. ती टिकली आणि आज जगभरात कोयनेचा दाखला देतात.

आणि दोषीच हवा असेल तर लांब कशाला जातोस? निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या, आत उभ्या राहिलेल्या इमारती बघ. भिंतीवर गाळाचा पट्टा अजून आहे आणि त्याच्याच वर फ्लॅट विक्रीचा बोर्ड. तिथं परवानगी कुणाच्या सहीनं मिळाली, हे कागदावर सापडतं. अदृश्य हात शोधण्यात पावसाळा गेला की सही करणारा हात निवांत सुटतो. मला खरा राग त्याचा आहे, घोगऱ्या आवाजाचा नाही.

तू म्हणशील, काका फार ताणतात. ताणतोच. 2021 च्या पुरानंतर असाच मेसेज पसरवणाऱ्या तालमीतल्या जुन्या दोस्ताला मी भर चहाच्या गाड्यावर हाच प्रश्न विचारला, चौघांसमोर. घरात कमरेएवढा चिखल होता त्याच्या. तेव्हापासून तो गंगावेशीत मला बघून रस्ता बदलतो. घरात म्हणतात, ती वेळ नव्हती. नसेल. पण वेळ बघत बसलो असतो तर तोवर त्यानं तो मेसेज आणखी पन्नास जणांना पाठवला असता. दोस्त गेला याची हळहळ आहे. प्रश्न विचारला याची नाही.

रविवारी येताना तो व्हिडिओ राहू दे. त्यातले दावे वहीत एकाखाली एक लिही, आणि प्रत्येकासमोर काय दिसलं तर तू तो सोडशील ते आधीच लिहून आण. समोरची जागा कोरी राहिली असेल, तो दावा घरीच खोडून ये.

तुझा काका