वाड्याच्या माडीवर कडीपाट आहे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या, त्यावर सहा इंच माती आणि वर शहाबादी फरशी. १८ मिमी प्लाय टाकून साडेतीनशे किलोचं रंधा मशीन बसवता येईल का?

नुसता प्लाय टाकून भागणार नाही. प्लायने वजन थोडं पसरतं, पण शेवटी ते त्याच कड्यांवर येतं. बळकटी कड्यांना द्यायची, आणि तीही खालून.

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचीच कामं करतो. अशा जागी सगळ्यात आधी बघायची ती कड्यांची भिंतीत गेलेली टोकं. सागवानी कडी मधोमध ठणठणीत वाजते, पण पावसाळ्यात भिंत ओल धरते तिथे पेचकस टोचला की बोटभर आत जातो आणि ओलसर भुसा बाहेर येतो. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. एकही टोक असं निघालं तर मशीन राहू द्या. आधी भिंतीलगत आडवी तुळई किंवा लोखंडी चॅनेल घालून, त्याखाली खांब देऊन कड्यांना नवा टेकू द्या.

टोकं धड असतील तर वरच्या मातीकडे वळा. तुम्ही लिहिलंय तसा सहा इंचांचा थर असेल तर एका चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो वजन होतं, शहाबादी फरशी वेगळी. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत दोन टनांहून जास्त माती त्या कड्या आजही पेलताहेत! ती काढून फळ्यांवर जाड प्लाय टाकलात तर मशीनपेक्षा कितीतरी जास्त ओझं उतरेल. फक्त काढताना खोलीतच ढीग घालू नका. कडी बहुधा तेव्हाच तडकते. पाट्या भरून लगेच खाली न्या.

आता बळकटी. खालच्या खोलीत जागा असेल तर कड्यांच्या मधोमध आडवा आय गर्डर आणि दोन्ही टोकांना खांब, याला तोड नाही. गाळा, म्हणजे कडीच्या दोन टेकूंमधलं अंतर, निम्मा झाला की मध्ये येणाऱ्या वजनाने पडणारा झोळ आठव्या हिश्श्यावर येतो. खांब मात्र फरशीवर उभे करू नका, खड्डा घेऊन काँक्रीटच्या पायावर बसवा. जुना झोळ असेल तर खालून जॅक लावून तो रोज थोडाथोडा फिरवा. एका दमात उचललंत तर भिंतीला भेगा जातील.

खांब नको असतील तर प्रत्येक कडीला तेवढ्याच उंचीची जोडकडी बोल्टने आवळा आणि मधल्या जागांत आडवे ठोकळे ठोका. जोडकडीचीही दोन्ही टोकं भिंतीवर टेकायला हवीत. लाकूड घेताना उंची बघा. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट.

मशीन भिंतीजवळ, कड्यांना आडव्या टाकलेल्या दोन जाड लाकडांवर ठेवा, म्हणजे भार चार-पाच कड्यांत वाटला जाईल. थरथर कमी करायला पायांखाली रबर पॅड घाला. वायरिंगसाठी कडीला खालून खाच अजिबात मारू नका.

भिंती फुगलेल्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच चढवू नका. भिंती धड असतील तर कडीची रुंदी, उंची, दोन कड्यांमधलं अंतर आणि गाळा, एवढी मापं इथे लिहा. गर्डर केवढा लागेल याचा अंदाज देतो.