ताटाची डावी बाजू

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्रपाळी संपवून एसटीत बसल्याबसल्या तू विचारलंस, "सिस्टर, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. दिवस राहिले की काय काय पाळायचं?" मी "सवडीने लिहिते" एवढंच उत्तर दिलं. दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही. दिवस राहिल्यावरचं सगळं तुझ्या डॉक्टर सांगतीलच, आणि वॉर्डात तू ते रोज ऐकतेसही. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल, गर्भारपणातला मधुमेह टळावा म्हणून. ते वर्ष आत्ता तुझ्या हातात आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही.

ओपीडीत गर्भार बायकांचा मधुमेह तपासायचं ते ग्लुकोजचं बाकडं तुला आठवत असेल. ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात ढवळायचं, पाच-दहा मिनिटांत प्यायला लावायचं, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं, नाहीतर दोन तासांनी रक्त घ्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं की केसपेपरवर लाल शाईची खूण. त्या बाकड्यावर एकदा एक पोर बसली होती. सव्विसावा आठवडा, अंगाने बारीक, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आकडा आला १७२. रडवेली होऊन ती एकच म्हणत राहिली, "पण मी गोड खातच नाही हो सिस्टर." खोटं बोलत नव्हती ती. सकाळी चहा आणि खारी, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव नाहीतर चुरमुरे, रात्री भात-आमटी. काम दिवसभर खुर्चीवरचं. असं ताट तर निम्म्या महाराष्ट्राचं. मी तिला आहार समजावून सांगितला, तिने तो मनापासून पाळला, बाळंतपणही सुखरूप झालं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला सारखं वाटत होतं, हेच तिला वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं तर.

वर्षभर आधी का, ते नीट समजून घे. दिवस राहिले की वार, म्हणजे प्लॅसेंटा, जे हार्मोन सोडते, त्याने आईच्या शरीरावर इन्शुलिनचा असर कमी होतो. निसर्गाची ही सोयच आहे, आईच्या रक्तातली साखर बाळाला पुरावी म्हणून. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा जोर वाढत जातो, आणि साखर ताब्यात ठेवायला आईच्या स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्शुलिन करावं लागतं. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी धावते, घाट लागला की इंजिनाचा दम कळतो. जिचं स्वादुपिंड आधीच ओढूनताणून चाललेलं असतं, तिची साखर घाटात चढते. बाळाकडे आईची साखर वारेतून जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. मग त्याचं इवलंसं स्वादुपिंडच जास्तीचं इन्शुलिन करायला लागतं, बाळ अंगाने वाढतं, खांदे अडकायची भीती, आणि जन्मल्यावर काही तासांत त्याचीच साखर घसरायची भीती. तू एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, टाचेतून रक्त काढून हे पाहिलंयस.

"मी तर बारीक आहे," असं म्हणून तू सुटणार नाहीस, म्हणून आपल्या पुण्याचीच गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं तपासली. आपल्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय, पोट, स्नायू, सगळ्यांत आपली बाळं लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत. दिसायला हडकुळी, आतून चरबीची. याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन नावाच्या आपल्या ब्रिटिश मित्राचा फोटोही २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. मित्राच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, यांच्या शरीरात २१.२. म्हणून जास्त वजनासाठी एरवी धरतात ती बीएमआय २५ ची रेघ आपल्याला चालत नाही. २३ च्या पुढे गेलं की वजन जास्त समजायचं, आणि काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवायचा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आज घरी जाऊन मोज.

आता मुंबईची गोष्ट. ही मला सगळ्यात जवळची आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून काही वर्षं एक मोठा प्रयोग चालला. दिवस न राहिलेल्या साडेसहा हजार बायकांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. रोज केंद्रावर येऊन, तिथेच बसून एक खाऊ खायचा. आपण गाडीवर खातो ना सामोसे-भजी, तशातलाच. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध, दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. दिवस राहायच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत हे चालू. बाळांच्या वजनात सगळ्या मिळून ठळक फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांच्यात पालेभाजीच्या गटातली बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. आणि ज्यांची साखर तपासली त्यांच्यात गर्भारपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के.

हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. मेथी, शेपू, चाकवत, एखादं फळ आणि कपभर दूध. यात कुठली महागडी पावडर आहे, सांग. आणि जिथे हे झालं तिथल्या बायकांकडे ना जिम होती ना डाएटिशियन.

म्हणून तुला पहिलं सांगणं ताटाचं. आपण ताट वाढतो तेव्हा डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मध्ये पोळी-भात. डाव्या बाजूची कोशिंबीर चमचाभर, उजवीकडची पालेभाजी दोन चमचे, आणि मधला भात डोंगराएवढा. हे उलटं कर. कोशिंबीर वाटीभर वाढ. काकडी, गाजर, मुळा, कोबी, जे मिळेल ते, दाण्याचं कूट घालून, हवं तर दही घालून. पालेभाजी रोज, निदान एका जेवणात, वाटीभर. मटकी, चवळी, हरभऱ्याची उसळ किंवा पिठलं, खात असशील तर अंडं, मासे. भात सोडायला मी सांगत नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, मग पोळी किंवा ज्वारीची भाकरी, भात शेवटी आणि मुठीएवढा. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. सकाळच्या चहाबरोबर खारी-बिस्किटं आहेत ती आठवडाभर बंद करून बघ. पोहे करशील तर पोह्यांच्या बरोबरीने मटार, गाजर, दाणे आणि मोड आलेली मटकी घाल.

उपवासाबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या घरी चातुर्मास पाळतात. सोमवारी साबुदाणा, गुरुवारी साबुदाणा, एकादशीला दुप्पट. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा. सासूबाईंशी वाद घालू नकोस. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, ताक, काकडी, एखादं फळ, हेही उपवासाला चालतंच. स्वयंपाक तू कर, बाकीचं आपोआप होईल.

दुसरं शतपावली. आपल्या आजीने जेवून उठल्यावर शंभर पावलं चालायला सांगितलं, त्यात मोठं शहाणपण होतं. चालताना मांडीचे-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनची वाटही बघावी लागत नाही. शंभराऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाल, दोन्ही जेवणांनंतर. शिवाय आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस उठाबशा, जिना, जमेल तो जोर लावायचा व्यायाम. "वॉर्डात दिवसभर पळतेच की" हे मीही म्हणायचे. ते पळणं दमवतं, पण त्यात सलग अर्धा तास छातीची धडधड वाढत नाही.

अमेरिकेत आपल्यासारख्याच हजारो नर्सेसचा वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास आहे. दिवस राहायच्या आधी ज्या तंबाखूपासून लांब होत्या, नीट जेवत होत्या, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करत होत्या आणि ज्यांचं वजन ताब्यात होतं, त्यांच्यात हा मधुमेह बाकीच्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास होता. तंबाखूचं तुला लागू नाही, पण ओपीडीत बायकांना विचारताना मिश्रीचं नाव घेऊन विचार. "तंबाखू खाता का" विचारलं तर त्या नाही म्हणतात, आणि रोज दोनदा मिश्री लावतात.

रात्रपाळीही सांगून ठेवते. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या करणाऱ्या नर्सेसना मधुमेहाचा धोका जास्त असतो. तुझ्या इन्चार्जला भेट, येत्या वर्षात रात्री कमी लावता येतील का विचार. लागल्याच तर जेवण रात्री नऊच्या आत उरक, पहाटे दोनला डबा उघडू नकोस, ताक किंवा मूठभर फुटाणे पुरे. घरी आल्यावर खोलीत अंधार करून सात तास झोप. घरच्यांना सांगून ठेव की त्या वेळात दार वाजवायचं नाही.

वजन जास्त असेल तर हळूहळू पाच-सात टक्के कमी झालं तरी पुष्कळ. उपाशी राहून पटकन उतरवायच्या भानगडीत पडू नकोस, त्यात हिमोग्लोबिन आणि बी-१२ खाली जातं.

तपासण्या पटकन सांगते. उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, रक्तदाब. नुसत्या एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, विसंबू नकोस, लोह कमी असलं की तो आकडा फसवतो. उपाशीपोटी १०० च्या वर आलं तर आधी ते दुरुस्त करायचं, मग पुढचं. पीसीओडीची, म्हणजे बीजकोशाच्या त्रासाची, गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम निदान तीन महिने आधीपासून. पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी मिटलेली असते. चाचणीवर दोन रेघा उमटल्यावर गोळी सुरू करणं म्हणजे उशीरच.

आता माझं. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात माझी साखर वाढली होती. पथ्याने आटोक्यात आली, बाळ छान झालं, आणि ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे सुट्टी देताना सगळ्यांनी सांगितलं, "आता विसरा, गेली ती." मी नर्स असूनही विसरले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, मग दरवर्षी, हे मला कुणी बजावलं नाही. अकरा वर्षांनी टाचेची जखम भरेना तेव्हा कळलं की मधुमेह घरात येऊन बसलाय. ज्यांना गर्भारपणात शुगर होते त्यांना पुढे मधुमेह व्हायची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट असते. तुझ्या आईलाही गोळ्या चालू आहेत, म्हणून तुला जरा जास्तच आग्रहाने लिहितेय.

आणि एवढं सगळं करूनही तुझ्या केसपेपरवर लाल खूण उमटू शकते. वय, आईचा मधुमेह, आपल्या शरीराची घडण, यातलं काही तुझ्या हातात नाही. तसं झालं तर "माझं काय चुकलं" म्हणत बाथरूममध्ये रडायचं नाही. पथ्य, चालणं, लागलं तर इन्शुलिन, आणि आधीची तयारी तेव्हाही कामाला येईल. लवकर कळलेली शुगर लवकर आटोक्यात येते.

जावईबापूंनाही हे पत्र वाचून दाखव. त्यांची साखर आणि कंबर दोन्ही तपासायच्या. एका घरात दोन स्वयंपाक टिकत नाहीत. ते तुझ्याबरोबर चालायला निघाले तर तू बाहेर पडशील, नाहीतर भांडी आवरण्यातच दहा वाजतील. शेजारच्या काकूंनी "गोड बातमी कधी" विचारलं की त्यांना सांग, सहा महिने तयारी चाललीय.

सोमवारी उपाशीपोटी लॅबमध्ये जा, रविवारी रात्री नऊनंतर काही खाऊ नकोस. रिपोर्टचा फोटो पाठव. फोन करशील तर साडेआठच्या आत कर, त्यानंतर मी शतपावलीला असते आणि फोन घरीच ठेवते. पुढच्या रविवारी दोघं जेवायला या. परसात अंबाडी आलीय, ज्वारीच्या कण्या घालून भाजी करते.

तुझी,
सिस्टर