'अजिंक्य अज्ञान' आणि हातून घडलेलं पाप

प्रश्न असा आला आहे: कॅथलिक शिकवणीवरचा एक मजकूर मराठीत आणताना एका वाचकाने 'अजिंक्य अज्ञानामुळे कृत्याचा दोष कर्त्याला लागत नाही' असं वाक्य केलं. 'अजिंक्य' त्यांना खटकतंय, पण दुसरा शब्द सुचत नाही. त्याच मजकुरात 'मर्त्य पाप' आणि 'पूर्ण ज्ञान' हेही शब्द आहेत. शिवाय 'अज्ञानाने केलेलं पाप' आणि 'अजाणता केलेलं पाप' यांत काही फरक आहे का, आणि न कळता केलं तर मुळात पाप लागतं का, हेही त्यांना हवंय.

'अजिंक्य' खटकायलाच हवं. हा शब्द किल्ल्याला शोभतो, पहिलवानाला शोभतो. 'अजिंक्य अज्ञान' वाचलं की अज्ञानाने गदा जिंकून आणल्यासारखं वाटतं. मूळ लॅटिन 'इग्नोरान्शिया इन्विन्सिबिलिस'. त्यातला धातू 'जिंकणे' या अर्थाचा आहे, म्हणून कोणीतरी शब्दाला शब्द लावला. लॅटिनमध्ये अज्ञान हा शत्रू आहे आणि त्याच्यावर मात करायची आहे. मराठीत आपण संकटावर मात करतो, अज्ञान मात्र घालवतो, दूर करतो, फार तर निवारतो.

मग 'अनिवार्य'? व्युत्पत्तीने अगदी बरोबर, निवारता न येणारं ते अनिवार्य. पण आज अनिवार्य म्हणजे सक्तीचं. 'अनिवार्य अज्ञान' म्हणजे अभ्यासक्रमात नेमून दिलेलं अज्ञान वाटेल! 'अपरिहार्य' शब्दाला नशिबाचा वास येतो. 'दुर्निवार' म्हणजे घालवायला कठीण. इथे प्रश्न कठीण-सोपं असण्याचा नाही, त्या माणसाला ते घालवणं शक्य होतं की नव्हतं याचा आहे. मी 'निरुपाय अज्ञान' किंवा 'निरुपायाचं अज्ञान' म्हणेन. त्याच्या समोरची जोडी, म्हणजे घालवता आलं असतं पण घालवलं नाही ते, 'हयगयीचं अज्ञान'. 'हयगय' हा आपल्या जुन्या दफ्तरातला शब्द इथे चपखल बसतो, कारण दोष नेमका हयगयीचाच असतो.

हा भेद कसा चालतो ते एका उदाहरणात पाहू. थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या धर्मपंडिताने 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात तिरंदाज घेतला आहे. एक माणूस बाण सोडतो. रस्त्यावर कोणी नाही याची घ्यायला हवी ती खबरदारी त्याने घेतली आहे. तरी कोणीतरी नेमकं तिथून जातं आणि बाण लागून मरतं. मृत्यू त्याच्या बाणाने झाला, यात वाद नाही, पण त्याने तो इच्छिला नव्हता आणि कळलं असतं तर बाण सोडलाच नसता. हे निरुपायाचं अज्ञान. आता तोच माणूस रस्ता न बघता बाण सोडतो, असं धरा. नजर टाकायला दोन क्षण लागले असते. हयगय. तिसऱ्यांदा तोच माणूस, आणि बरोबरचा म्हणतो, 'थांब, झुडपामागे कोणी आहे का बघतो.' हा म्हणतो, 'नको बघूस. बघितलंस तर मला थांबावं लागेल.' इथे अज्ञान आहे खरं, पण ते त्याने मागून घेतलेलं आहे.

याच ठिकाणी अक्वायनस आणखी एक तिरकस उदाहरण देतो. एकाला आपल्या वैऱ्याला मारायचंच आहे. तो हरीण समजून बाण सोडतो आणि मरतो तो वैरीच. त्याला माहीत नव्हतं हे खरं, पण कळल्यावर तो कपाळावर हात मारून घेत नाही. त्याने हे 'इच्छेविरुद्ध' केलं असं अक्वायनस म्हणू देत नाही, फक्त 'इच्छेविना' एवढंच म्हणतो. अज्ञान सोबतीला होतं, पण कृत्य त्याच्यामुळे झालं नाही. मला हा भेद फार आवडतो, कारण आपण रोजच्या बोलण्यात 'मला माहीतच नव्हतं' म्हणतो तेव्हा 'माहीत असतं तर मी वेगळं वागलो असतो' हे गृहीत धरलेलं असतं, आणि ते दर वेळी खरं नसतं.

(मराठी वाचकाला इथे दशरथ आठवणारच. पाण्यात घडा बुडल्याचा आवाज हत्तीचा समजून त्याने बाण सोडला. अक्वायनसच्या मापाने ते कुठे बसेल? न पाहता नुसत्या आवाजावर बाण टाकणं ही त्याच्या विद्येची शान होती, पण मला विचाराल तर काटा हयगयीकडे झुकतो.)

तिरंदाजाच्या तिसऱ्या प्रकारच्या अज्ञानाला लॅटिनमध्ये 'अफेक्ताता' म्हणतात, म्हणजे मुद्दाम धरून ठेवलेलं अज्ञान. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत, कलम 1325 मध्ये, तीन विशेषणं एका ओळीत येतात: 'क्रास्सा', 'सुपिना', 'अफेक्ताता'. असलं अज्ञान शिक्षेतून सुटकेची किंवा सवलतीची सबब होऊ शकत नाही, असं ते कलम सांगतं. शब्दप्रेमी माणसाने या तिघांपाशी थोडं थांबावं. 'क्रास्सा' म्हणजे जाडं, स्थूल, आपल्याकडच्या 'ठार अज्ञाना'च्या जवळ जाणारं. 'सुपिना' म्हणजे उताणं पडलेलं. हातपाय पसरून छताकडे बघत पडलेला माणूस डोळ्यांसमोर आणा, उठून विचारायचे कष्ट त्याला नकोत. आणि 'अफेक्ताता'साठी मराठीइतका श्रीमंत साठा मला दुसरीकडे दिसत नाही: वेड पांघरून पेडगावला जाणं, झोपेचं सोंग घेणं, कानाडोळा करणं. म्हणून याला मी 'पांघरलेलं अज्ञान' म्हणतो. अज्ञान अंगावर आपणच ओढून घेतलेलं असतं हे 'पांघरणे'मध्ये आपोआप येतं. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात, परिच्छेद 1859 मध्ये, असं पांघरलेलं अज्ञान दोष कमी करत नाही, उलट कृत्यातला स्वेच्छेचा भाग वाढवतं, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात दुसरी बाजू आहे: हेतू नसताना राहिलेलं अज्ञान गंभीर कृत्याचाही दोष कमी करतं, कधी पूर्ण नाहीसा करतं. मात्र सदसद्विवेकात कोरलेली नीतीची मूलतत्त्वं ठाऊकच नव्हती असं कोणाच्याही बाबतीत धरलं जात नाही.

आता 'अज्ञान' या शब्दाकडे. भाषांतरकाराची खरी ठेच इथेच लागते. 'इग्नोरान्शिया' आणि 'अज्ञान' हे अक्षरशः एका रक्ताचे शब्द आहेत. लॅटिनमधला 'ग्नो' आणि संस्कृतातला 'ज्ञा' एकच धातू, आधी नकार. पण दोन घरांत वाढल्यामुळे स्वभाव वेगळे झाले. मराठी कानाला 'अज्ञान' म्हटलं की ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय ऐकू येतो, जिथे अज्ञानाची लक्षणं ओवीमागून ओवी सांगितली आहेत. तिथे अज्ञान हाच रोग आहे, बंधनाचं मूळ आहे. कॅथलिक नीतिशास्त्रात मात्र प्रश्न खूप मर्यादित असतो: या माणसाला, या कृत्याबद्दल, या वेळी, जे माहीत असायला हवं होतं ते माहीत होतं का? त्यामुळे 'अज्ञानामुळे दोष लागत नाही' हे वाक्य मराठी वाचकाला उलटंच वाटू शकतं. अज्ञानच दोष ना, मग अज्ञानाने दोष कसा जाईल?

याच कारणाने 'पूर्ण ज्ञान' बदला. गंभीर पापाच्या (तुमच्या मजकुरातल्या 'मर्त्य पापा'च्या) तीन अटींमध्ये (बाब गंभीर हवी, पुरती जाणीव हवी, जाणूनबुजून दिलेली संमती हवी) दुसरी अट ब्रह्मज्ञानाची नाही. आपण काय करतोय आणि ते वाईट आहे, एवढं कळलेलं असणं पुरे. 'पुरती जाणीव' म्हणा.

अक्वायनसने 'इग्नोरान्शिया'ला आणखी एक शब्द समोर ठेवला आहे: 'नेशिएन्शिया'. नुसतं माहीत नसणं ते 'नेशिएन्शिया', आणि जे माहीत असायला हवं, माहीत होऊ शकतं, ते नसणं ही 'इग्नोरान्शिया'. एखाद्याला भूमितीचे सिद्धांत येत नाहीत, हा काही त्याचा दोष नव्हे. पण स्वतःच्या कामाचं कर्तव्य ठाऊक नसणं वेगळं. गंमत अशी की 'नेशिएन्शिया'ची जडणघडण 'ने' अधिक 'जाणणे' अशी आहे, आणि आपल्याकडे संतांचा 'नेणणे' हा शब्द हुबेहूब तसाच: न अधिक जाणणे. नेणता, नेणतेपण. मग नुसत्या माहीत नसण्याला 'नेणतेपण' आणि माहीत असायला हवं होतं त्याच्या अभावाला 'अज्ञान' असा भेद मराठीत सहज करता येतो. 'नेणीव' मात्र वापरू नका, तो शब्द मानसशास्त्राने उचललाय.

'अजाणता' आणि 'अज्ञानाने' यांत फरक आहे का? आहे, आणि तो मराठीने केलेला आहे. 'अज्ञानाने'मध्ये माहितीची उणीव आहे. 'अजाणता'मध्ये त्या क्षणी भान नसणंही येतं. साधं उदाहरण शुक्रवारचं. कॅथलिक नियमानुसार शुक्रवारी मांस वर्ज्य, स्थानिक धर्माध्यक्ष (बिशप) मंडळाने दुसरं काही ठरवलं नसेल तर. एखाद्याला हा नियमच कधी कोणी सांगितला नाही आणि त्याने मांस खाल्लं: ते अज्ञानाने. दुसऱ्याला नियम पाठ आहे, पण आज गुरुवार आहे अशा समजुतीने त्याने खाल्लं: ते अजाणता, किंवा अधिक नेमकं, अनवधानाने. तिसरा माणूस मात्र खरी मौज आणतो. आज गुरुवारच आहे, पण त्याला वाटतं शुक्रवार आहे, आणि तरी तो म्हणतो, 'असू दे शुक्रवार, मी खाणार.' नियम मोडला का? नाही. दोष लागला का? लागला. कारण विवेक चुकीचा असला तरी त्याच्या विरुद्ध जाणं म्हणजे 'हे वाईट आहे' असं समजून ते करणं.

इथे धर्मपंडित 'वस्तुतः पाप' आणि 'दोषयुक्त पाप' अशी जोडी करतात, आणि भाषांतरकार घामाघूम होतात. मला वाटतं मराठीत ही जोडी क्रियापदांतच दडलेली आहे. 'माझ्या हातून पाप घडलं' आणि 'मी पाप केलं.' पहिल्यात कृत्य आहे, कर्ता बाजूला उभा आहे. दुसऱ्यात कर्ता कृत्याच्या मागे ठाम उभा आहे. निरुपायाच्या अज्ञानात पाप घडतं, केलं जात नाही. अर्थात ही सोय लबाडीचीही आहे. केलेल्या गोष्टीला 'घडलं' म्हणण्यात आपण सगळेच पटाईत, आणि म्हणूनच पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करताना, वाक्य प्रथमपुरुषी कर्तरी लागतं.

'दोष लागत नाही' याबद्दल थोडं. मूळ शब्द 'इम्पुतारे', म्हणजे हिशेबात धरणं, खात्यावर टाकणं. मराठी जमाखर्चात जमेच्या समोर 'नावे' असतं. 'ते कृत्य त्याच्या नावे मांडलं जात नाही' इतकं मूळच्या जवळचं भाषांतर सापडणं हा योगच म्हणायचा. पण एक विसरू नका. नावे मांडलं नाही म्हणून वाईट गोष्ट चांगली होत नाही. त्याच धर्मशिक्षण-ग्रंथाच्या परिच्छेद 1793 मध्ये तेच आहे: निरुपाय अज्ञानात केलेल्या दुष्कृत्याचा दोष लागत नसला तरी ते दुष्कृत्यच राहतं, आणि चुकलेला विवेक सुधारायचं काम राहतंच. बाणाने मेलेला माणूस मेलेलाच असतो.

न कळता केलं तर पाप लागतं का, यावर चर्चमध्येही बराच काथ्याकूट झालेला आहे. पास्काल या फ्रेंच विचारवंताने 1656 मध्ये आपल्या पत्रांतून जेझुइटांची (एका कॅथलिक धर्मसंघाच्या पंडितांची) टिंगल केली ती यावरच: पाप करताना ते पाप आहे हे मनात यायलाच हवं असेल, तर ज्याला कधी काही टोचतच नाही तो सर्वांत निर्दोष ठरेल! उलट बाजूने, निसर्गनियमाचं (म्हणजे माणसाला उपजत कळणाऱ्या नीतिनियमाचं) निरुपाय अज्ञान असलं तरी आदिपापाने पतित झालेल्या मानवाला सूट नाही, हे कडक मतही पोप आठवे अलेक्झांडर यांनी 1690 मध्ये नाकारलं. म्हणजे दोन्ही टोकं बाद. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दाखला (12:47-48) जुनं माप देतो: धन्याची इच्छा जाणून न वागलेल्या चाकराला पुष्कळ फटके, न जाणता चुकलेल्याला थोडे. थोडे, पण शून्य नाहीत, याकडे माझं लक्ष दर वेळी जातं.

एक व्यवहारी खूण सांगतो, भाषांतरात शब्द निवडताना उपयोगी पडते. मजकुरातल्या माणसाला शंका आली होती का, ते बघा. शंका आली म्हणजे निरुपाय संपला, कारण आता विचारता येतं, थांबता येतं. त्यानंतर तो न विचारता पुढे गेला असेल तर तिथून पुढे 'हयगय' किंवा 'पांघरलेलं'.

तुमचं वाक्य मी असं करेन: 'अज्ञान निरुपायाचं असेल, तर ते कृत्य कर्त्याच्या नावे मांडलं जात नाही.' आणि 'मर्त्य पाप' कृपा करून काढा. मर्त्य म्हणजे मरणारा, आणि इथलं पाप मरणारं नाही, आत्म्याला मारणारं आहे. 'प्राणघातक पाप' किंवा 'मारक पाप' लिहा. त्याच्या जोडीचं 'क्षम्य पाप' बरोबर आहे, त्याला हात लावू नका.