स्कायलाइनचे फोटो पोचले

चि. भाचेबुवा,
अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही फोटो मिळाले. ह्यूस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया. तीन ऑफर, आणि खाली एकच ओळ: "मामा, डाउनटाउन कुठलं भारी?" पगाराचे आकडे लिहिले नाहीस, म्हणजे ते साधारण सारखेच असणार असं धरून चालतो.

आधी ते फोटो डिलीट कर. तिन्ही लांबून, कुठल्या तरी पुलावरून नाहीतर हायवेवरून काढलेत. तिथून सगळी डाउनटाउनं सारखीच दिसतात, काचेचे उभे डबे. माझा जन्म सिग्नलची टायमिंगं लावण्यात गेला. चौकात उभं राहायचं आणि माणसं किती सेकंदांत रस्ता ओलांडतात ते मोजायचं, हा धंदा. मान वर करून बघायची सवयच लागली नाही. तेव्हा मी देतोय ते तळमजल्याचं मत आहे, एवढं लक्षात ठेव.

'डाउनटाउन'ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. मूळ शब्द मॅनहॅटनचा. बेटाचं दक्षिण टोक ते डाउन, उत्तर ते अप. पेठ म्हणावं, तर पेठेत दुकानाच्या वरच्या माडीवर माणसं राहतात, पहाटे दूध येतं, रात्री कुणाचा तरी टीव्ही मोठ्यानं चालू असतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर हायवे आले, उपनगरात घरं स्वस्तात मिळू लागली, आणि बऱ्याच शहरांत माडीवरची ही माणसं निघून गेली. मागे उरली ऑफिसं आणि पार्किंग. रविवारचा नरिमन पॉइंट डोळ्यांसमोर आण, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

ह्यूस्टनचा माझा अनुभव सांगतो. एका कामासाठी गेलो होतो, शनिवार मोकळा मिळाला. ऑगस्टची दुपार. लुइझियाना स्ट्रीटवरून चालायला लागलो. दोन्ही बाजूंना गुळगुळीत ग्रॅनाइट, एवढं चकचकीत की त्यात माझं घामेजलेलं तोंड दिसत होतं. दुकान नाही, ओटा नाही, टेकायला कट्टा नाही. पाण्याची बाटली हवी होती. चार ब्लॉक चाललो, एक सिक्युरिटी गार्ड सोडला तर माणूस दिसला नाही. त्यानं सांगितलं, "सगळं खाली आहे, सोमवारी उघडेल."

खाली म्हणजे खरोखरच जमिनीखाली. साधारण वीस फूट खोल, सहा मैलांहून जास्त लांबीचे बोगदे आहेत, नव्वदहून अधिक ब्लॉक जोडणारे. त्यात न्हावी, दवाखाना, टॅको, सँडविच, चपला शिवणारा, सगळं आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी बारा वाजता तिथे खांद्याला खांदा लागतो. पण आत जायचं तर बहुतेक ठिकाणी कुठल्या तरी इमारतीच्या लॉबीतूनच जायचं, आणि ऑफिस सुटलं की शटर खाली. उन्हापासून बचाव म्हणून हे चांगलंच आहे, ह्यूस्टनच्या ऑगस्टला कुणी हसू नये. पण माणसं खाली गेली आणि रस्ता उघडा पडला. मिनिआपोलिसनं थंडीपायी हेच उलट केलं. तिथे १९६२पासून दुसऱ्या मजल्यावरून इमारती जोडणारे काचेचे पूल बांधत गेले. परिणाम तोच.

आता एक गंमत. आमच्या धंद्यात ब्लॉकची लांबी फार बघतात. पोर्टलंडचा ब्लॉक २०० फुटांचा. दर मिनिटाला कोपरा येतो, वळायला नवी गल्ली मिळते, पाय कंटाळत नाहीत. डाउनटाउनमधले सिग्नलही तिथे ताशी १२ ते १५ मैलांच्या हिशेबानं लावलेत, म्हणजे सायकलवाल्याला हिरव्यामागून हिरवा मिळत जातो. ज्यानं ते टायमिंग बसवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. सॉल्ट लेक सिटीचा ब्लॉक ६६० फुटांचा आणि रस्ता १३२ फूट रुंद. बैलगाडी वळवता यावी म्हणून एवढा ठेवला असं सांगतात. तो ओलांडताना हातात धरायला नारिंगी झेंडे ठेवायची वेळ त्या शहरावर आली. हे बघून मी बरीच वर्षं ठामपणे सांगायचो, ब्लॉक छोटा की डाउनटाउन चांगलं. मग ह्यूस्टनचा नकाशा नीट बघितला. ब्लॉक २५० फुटांचे! म्हणजे हाडं चांगली होती, पण तळमजल्याला दारंच ठेवली नाहीत. तेव्हापासून मी फुटांऐवजी दारं मोजतो.

ह्यूस्टन सुधारतंय, हेही खरं. २००४पासून मेन स्ट्रीटवर ट्राम धावते. पार्किंगच्या जागेवर २००८मध्ये डिस्कव्हरी ग्रीन नावाची बाग झाली, तिथे संध्याकाळी पोरं कारंज्यात भिजत असतात. पण तुझं किराणा, पोहे, मित्रमंडळ हे सगळं हिलक्रॉफ्टच्या बाजूला असणार, म्हणजे गाडी हवीच. तिथे डाउनटाउन म्हणजे तुझं ऑफिस, तुझं गाव नव्हे. हे पटत असेल तर ह्यूस्टनमध्ये वाईट काहीच नाही. माझ्या ओळखीचे कित्येक जण तिथे सुखात आहेत.

शिकागो मात्र रस्त्यावरच भेटतं. वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूवर उभा राहा. डोक्यावर 'एल'चे, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या लोकलचे लोखंडी रूळ, १८९७मध्ये पुरं झालेलं ते कडं, त्यावरूनच 'लूप' हे नाव लोकांच्या तोंडी पक्कं झालं. गाडी आली की बोलणं मध्येच थांबवायचं. सगळेच थांबवतात, आणि गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू. रुळांच्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडतं. हिवाळ्यात तेही मिळत नाही, आणि नदीवरून वारा आला की कान आहेत की गेले ते चाचपून बघावं लागतं. उगाच गोड चित्र रंगवत नाही.

मला शिकागोत सगळ्यात आवडतो तो पत्ता. स्टेट आणि मॅडिसन हा चौक म्हणजे शून्य. तिथून ८०० आकडे म्हणजे एक मैल. कुणी '२४०० नॉर्थ' म्हणालं की मॅडिसनपासून तीन मैल उत्तरेला, नकाशा नको. आणि मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटपाशी 'स्वामी विवेकानंद वे' अशी पाटी आहे, तेवढी बघून ये. १८९३चं भाषण त्याच इमारतीत झालं. लूपमध्ये आज चाळीस हजारांवर माणसं राहतात. ऑफिसं सुटल्यावरही खिडक्यांत दिवे असतात ते त्यामुळे.

फिलाडेल्फियाबद्दल माझं माप थोडं झुकतं आहे, एकोणीस वर्षं काढली तिथे. त्यामुळे त्यातलं चार आणे कापून घे. पहिलं म्हणजे तिथे गेल्यावर 'डाउनटाउन' म्हणू नकोस, 'सेंटर सिटी' म्हण, नाहीतर नवखा म्हणून ओळखतील. मधोमध सिटी हॉल, वर शहर वसवणाऱ्या विल्यम पेनचा पुतळा. त्याच्या टोपीपेक्षा उंच बांधायचं नाही, हा अलिखित नियम १९८७पर्यंत पाळला. तो मोडल्यापासून आमची एकही टीम जिंकत नाही, असं लोक खरंच मानायचे. शेवटी २००७मध्ये एका नव्या टॉवरच्या माथ्यावर पेनची इवलीशी मूर्ती बसवली आणि पुढच्याच वर्षी आमची बेसबॉल टीम फिलीज वर्ल्ड सिरीज जिंकली. नारळ तेवढा फोडायचा राहिला.

पण खरी गोष्ट त्या पुतळ्याच्या पायाशी आहे. सिटी हॉलच्या कमानींतून आरपार चालत जाता येतं. दहा मिनिटं दक्षिणेला गेलास की विटांची ओळीनं चिकटलेली घरं सुरू, पायऱ्या थेट फुटपाथवर. उन्हाळ्यात लोक त्या पायऱ्यांवर बसतात, अगदी आपल्या ओट्यासारखे. बाराव्या रस्त्यावर रीडिंग टर्मिनल मार्केट, १८९३पासूनचं, जुन्या रेल्वे स्टेशनच्या शेडखाली. रविवारी तिथले आमिश लोकांचे, म्हणजे जुन्या रीतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे, ठेले बंद असतात, शनिवारी जा. घाणही आहे, मेट्रोच्या जिन्यांवर नाकाला रुमाल लावावा लागतो. तरी तिथे मी गाडी विकली, ती पुन्हा घ्यावीशी वाटली नाही.

अजून एक खूण सांगून ठेवतो. रस्ता ओलांडायला बटण दाबावं लागतं का ते बघ. न दाबता दर फेरीला चालणाऱ्याचं चित्र लागत असेल, तर त्या चौकात तुला मोजलेलं आहे. दाबावं लागत असेल तर तिथे तू पाहुणा. आणि ऑफिसात नेमकं कुठल्या वारी यायचं ते एचआरला विचार. २०२०नंतर सोमवारी आणि शुक्रवारी बरीच डाउनटाउनं अर्धी रिकामी असतात.

ह्यूस्टनवाले गुरुवारी ऑनसाइटला बोलावतायत म्हणालास. परतीचं तिकीट ते शुक्रवारचं काढतील. तू रविवारचं मागून घे, हॉटेलच्या दोन रात्री आपल्या खिशातून. शनिवारी दुपारी लुइझियाना स्ट्रीटवर उतर आणि तिथून चालत डिस्कव्हरी ग्रीनपर्यंत जा. पाणी बरोबर ठेव. वाटेत कुठे विकत मिळालं तर लगेच फोन कर, माझी माहिती जुनी झाली असं समजेन.

तुझा,
मामा